अण्णांना आयसीडी बसवावं का? (पंपिंग ३० टक्के)

कृष्णाकाठची, ३ जून, रात्री १०.४०

धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, आरोग्यमध्ये टाकतेय. संपादकांना हवं तर हलवा.

माझे वडील, म्हणजे अण्णा, वय ६८. कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून रोज जातात. फेब्रुवारीत मोठा अटॅक आला. छातीत कळ येत असताना गृहस्थाने आधी हातातली साडेसात एचपीची मोटर पुरी केली (गिऱ्हाइकाचा ऊस वाळत होता म्हणे) आणि मग स्वतः स्प्लेंडर चालवत डॉक्टरकडे गेले. या सगळ्यात पाच तास गेले. अँजिओप्लास्टी झाली, पुढच्या मोठ्या नळीत स्टेंट पडला, पण तोवर जायचा तो भाग गेला होता. डिस्चार्जच्या वेळी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे पंपिंगचा टक्का, २५. साडेतीन महिने औषधं घेऊन परत इको केला तर ३०.

पुण्यातले डॉक्टर म्हणाले, आयसीडी बसवून घ्या. पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही की ठोके एकदम बिघडून माणूस जागच्या जागी जायचा धोका असतो, हे मशीन ते ओळखून आतल्या आत शॉक देतं, इतकं कळलं. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्यामुळे बाकीचे प्रश्न माझ्या पर्समधल्या कागदावरच राहिले.

घरची परिस्थिती अशी. भाऊ ह्यूस्टनला, त्याचं म्हणणं उद्याच्या उद्या बसवा, पैसे मी पाठवतो. आई बोलतच नाही, नुसती गोळ्यांचे कप्पे भरत बसते. आणि अण्णा म्हणतात, "मला काय होतंय? चक्कर नाही, दम नाही. आन् झोपेत गेलो तर वाईट काय त्यात? तुझा आजा असाच गेला, सगळा गाव पुण्यवान म्हणाला."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

खर्च साडेतीन ते चार लाख सांगितलाय. मेडिक्लेम पाच लाखांचा, त्यातला बहुतेक अँजिओप्लास्टीत संपला. कोणाच्या घरी हे मशीन असेल तर खरं काय ते सांगा. गूगल करून करून डोकं बधिर झालंय.

खारी_बिस्किट, ३ जून, रात्री ११.०५

काळजी घ्या ताई. अण्णा भारी आहेत पण पाच तास!! माझा बाळबोध प्रश्न: हे म्हणजे पेसमेकरच ना? माझ्या आजीला होता, ती मस्त ९१ वर्षं जगली.

निवडुंग, ४ जून, सकाळी ६.५०

घाई करू नका. अर्जुनाच्या सालीचा काढा दुधातून सहा महिने द्या. आमच्या ओळखीत एकांचं पंपिंग २० वरून ५५ झालं. ही मशीनं म्हणजे हॉस्पिटलांचा धंदा आहे, बाकी ज्याची त्याची मर्जी.

भूलवाला, ४ जून, दुपारी २.२०

नागपूरला हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत भूल देतो. कार्डिऑलॉजिस्ट नाही आणि पेशंट पाहिलेला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

खारी_बिस्किट, नाही. पेसमेकर हळू पडलेल्या हृदयाला ढकलतो. आयसीडी त्याच जागी, डाव्या कॉलरबोनच्या खाली कातडीआड बसतो, शिरेतून वायर हृदयात जाते, पण त्याचं मुख्य काम उलट दिशेचं. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूचा जो व्रण राहतो, त्याच्या कडेने कधी कधी विजेचा भोवरा तयार होतो. ठोके दोनशे-अडीचशेवर जातात, मग नुसती थरथर उरते, रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. मशीन आधी भरभर छोटे ठोके देऊन भोवरा मोडू पाहतं. हे पुष्कळदा पेशंटला कळतसुद्धा नाही. नाहीच जमलं तर ३०-४० ज्यूलचा शॉक.

आता महत्त्वाचं. याने हृदय सुधारत नाही. दम कमी होणार नाही, पाय सुजायचे असतील तर सुजणार, जिना चढायची ताकद तेवढीच. तुमच्या अण्णांना एका वाक्यात कळेल: हा विहिरीवरचा ऑटो-स्टार्टर आहे. बंद पडलेली मोटर परत चालू करतो, तिचा एचपी वाढवत नाही. हे न सांगितल्यामुळे मागाहून "चार लाख घातले आणि फरक काहीच नाही" म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत.

आकडे विचारलेच नाहीत, तरी देतो, कारण ओपीडीच्या सात मिनिटांत कुणी देत नाही. २००२ साली मॅडिट-२ नावाचा अभ्यास आला. जुना अटॅक, ईएफ ३० किंवा कमी, असे १,२३२ लोक. म्हणजे बरोब्बर तुमचे अण्णा. सरासरी वीस महिन्यांत मशीन नसलेल्यांपैकी १९.८ टक्के गेले, असलेल्यांपैकी १४.२. शंभर माणसं डोळ्यांपुढे आणा. ऐंशी जण मशीन नसतानाही जगले. चौदा जण मशीन असूनही गेले. मधले पाच-सहा जण मशीनमुळे राहिले. आपण त्या पाच-सहांत आहोत का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. २००५ च्या स्कड-हेफ्टमध्ये पाच वर्षांचा हिशेब आहे: ३६ विरुद्ध २९ टक्के. वर्षं वाढतात तसा फायदा साचत जातो, म्हणून पुढे बरीच वर्षं जगायची शक्यता असलेल्या माणसाला मशीन जास्त कामाचं.

कोणी २०१६ च्या डॅनिश अभ्यासाचं फॉरवर्ड पाठवेल की मशीनचा एकूण मृत्यूंवर फरक पडत नाही. तो नळ्या बंद नसताना कमजोर झालेल्या हृदयांवर होता. तिथेही अचानक जाणारे ८.२ वरून ४.३ टक्क्यांवर आले, पण एकूण गोळाबेरीज फारशी हलली नाही. अण्णांचा तो वर्ग नव्हे.

तुमचे डॉक्टर साडेतीन महिने थांबले हे बरोबर केलं. अटॅकनंतर ४० दिवस आणि स्टेंटनंतर ३ महिने थांबून, औषधं पूर्ण ताकदीने देऊन मगच परत मोजायचं असतं. घाईने बसवलेल्यांना फायदा झाला नाही, हेही तपासून झालंय.

मला दोन गोष्टी सांगा. ईसीजीत क्यूआरएसची (प्रत्येक ठोक्याच्या मुख्य लहरीची) रुंदी किती लिहिली आहे? आणि औषधं कोणती, कुठल्या डोसला?

निवडुंग, तुमच्या ओळखीतल्यांना पंचावन्न लखलाभ. त्यांनी काढ्यासोबत बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारं औषध) घेतला होता का, ते विचारून या.

कृष्णाकाठची, ४ जून, रात्री ९.१५

डॉक्टर, खूप आभार. ऑटो-स्टार्टरचं वाक्य अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. पहिल्यांदाच या विषयावर हसले. म्हणाले, "हां, असं सांगा की."

क्यूआरएस १०४ आहे. औषधांत बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनची सगळ्यात छोटी गोळी, डापाग्लिफ्लोझिन. स्पायरोनोलॅक्टोन होतं, पोटॅशियम वाढलं म्हणून बंद केलं. होल्टरमध्ये (दिवसभराच्या ईसीजीत) "एनएसव्हीटी ५ बीट्स", म्हणजे आपोआप थांबलेले पाच भरभर ठोके, असं दोनदा लिहिलंय.

भूलवाला, ४ जून, रात्री १०.३०

१०४ म्हणजे तीन वायरींचं महागडं मशीन (सीआरटी) लागणार नाही. ते क्यूआरएस रुंद असणाऱ्यांसाठी. कोणी गळ्यात मारत असेल तर कारण विचारा.

छोट्या गोळीचा डोस वाढवायला जागा आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बीपी किती राहतं यावर आहे ते. कधी कधी डोस वाढल्यावर ईएफ आणखी पाच-सात टक्के वर येतो. पण त्या आशेवर वर्षभर बसायचं नाही.

पावणेसात, ५ जून, सकाळी ६.४५

माझ्या छातीत आहे. ४१ व्या वर्षी बसवलं, आता ४९. माझा आजार वेगळा, स्नायू जाड असण्याचा, घराण्यात आहे. चुलत भाऊ कबड्डी खेळताना गेला, तेव्हा सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि मी सापडलो.

शॉकबद्दल सगळे घाबरतात, म्हणून तेच लिहितो. आठ वर्षांत चार बसले. एक खरा, तीन खोटे. खरा बसला तेव्हा मी एसटीत होतो, स्वारगेट सुटून कात्रजचा घाट लागला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याच क्षणी छातीवर आतून कोणी बैलाची लाथ घातली. तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मला ओळखू आला नाही. शेजारच्या आजींनी माझा हात धरला होता, त्यांना मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. (हे घरच्यांना सांगून ठेवा. शॉक बसताना हात लावला तरी काही होत नाही.) दोन मिनिटांनी मी पाणी पीत होतो.

खोटे तीन मात्र लागोपाठ बसले, आंघोळ करताना. वायर आत तुटत आली होती, तिच्या खरखरीला मशीन ठोके समजलं. पूर्ण शुद्धीत, अंगाला साबण, आणि पुढचा कधी बसेल याची वाट बघत ओल्या फरशीवर बसलेलो. त्यानंतर आठ महिने मी बाथरूमची कडी लावत नव्हतो. वायर बदलली, मशीनची सेटिंगं बदलली, त्यानंतर एकही नाही. आता पूर्वीपेक्षा उशिरा शॉक द्यायची सेटिंगं ठेवतात, त्यामुळे असे खोटे शॉक बरेच कमी झालेत असं माझे डॉक्टर सांगतात. बसवायच्या आधी सेटिंगबद्दल विचाराच.

बाकी आयुष्य? मोबाइल डाव्या खिशात ठेवत नाही. मागे मॅग्नेट असलेले फोन छातीपासून वीतभर लांब. इंडक्शन शेगडीपाशी दोन फूट अंतर. विमानतळावर कार्ड दाखवतो, दारातून न रेंगाळता जातो. फिजिओथेरपीवाल्याला डायाथर्मी (विद्युतलहरींचा शेक) लावू देत नाही. एवढंच. डेन्मार्कचा एरिक्सन १२ जून २०२१ ला भर मैदानात कोसळला आणि आयसीडी बसवून पुन्हा इंग्लंडात फुटबॉल खेळला. इटलीने खेळू दिलं नाही, म्हणून त्याला क्लब बदलावा लागला. मी त्याचे सामने बायकोला मुद्दाम दाखवले. मी स्वतः फक्त भाजी आणायला जातो, पण बरं वाटतं.

तुमच्या अण्णांच्या धंद्याचं मात्र नीट विचारा. मोटरी, वेल्डिंग, तपासणीची यंत्रं, हे सगळं छातीला लावूनच करत असणार.

हिशेबनीस, ५ जून, दुपारी १२.१०

पैशांचं. कोटेशन घेताना एकवायरी का दोनवायरी, एमआरआय चालणारं का, बॅटरीची गॅरंटी किती, हे वेगळं वेगळं लिहून घ्या. नुसतं "पॅकेज" म्हणाले तर उठून या. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, नकार आला तर लेखी घ्या. मेडिक्लेमचं वर्ष कधी पालटतं? डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तरच, पण दोनेक आठवड्यांचा प्रश्न असेल तर नव्या वर्षात पूर्ण रक्कम परत मिळते.

आणि बॅटरी सात ते दहा वर्षांत संपते. तेव्हा डबी बदलायचा खर्च परत. हे पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही.

अवांतर: मुंबईत दुसऱ्यांच्या शरीरातून काढलेले आयसीडी निर्जंतुक करून गरीब पेशंटना बसवले होते. त्याचा ८१ रुग्णांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, जंतुसंसर्ग एकालाही नाही. इतकं असून ही वाट रुळली नाही. असो, वेगळा धागा होईल.

जुना_पोस्टमन, ५ जून, रात्री ८.५५

लिहू की नको, दोन दिवस विचार करतोय.

माझ्या थोरल्या भावाला आयसीडी होतं. सहा वर्षं उत्तम चाललं, एकदा वाचवलंही. मग त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. शेवटी घरीच ठेवलं, तालुक्याच्या गावी. शेवटच्या रात्री मशीन सुरू झालं. माणूस जायला निघालेला, आणि ते त्याला दर थोड्या वेळाने खेचून आणतंय. खाटेवर अंग उडायचं. वहिनी "थांबवा, थांबवा" म्हणत होत्या, आणि काय थांबवायचं ते आम्हाला कळत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनीही असं कधी पाहिलेलं नव्हतं.

पहाटे तीन वाजता शहरातल्या डॉक्टरांनी फोन उचलला. म्हणाले, मोठं मॅग्नेट मशीनवर ठेवा, शॉक थांबतील. मॅग्नेट कुठलं आणायचं? पुतण्या गणपतीच्या मंडळाच्या खोलीत गेला, तिथला जुना स्पीकर फोडला आणि मागची काळी चकती घेऊन आला. ती भावाच्या छातीवर रुमालात बांधून धरली. शॉक थांबले. सकाळी सहाला गेला, शांतपणे. चकती वहिनींच्या हातात होती.

सहा वर्षांत दर सहा महिन्यांनी तपासणीला जात होतो. हे मशीन बाहेरून, न कापता, न दुखवता बंद करता येतं, हे कोणी एकदाही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आणखी एक. दहनाआधी मशीन काढावं लागतं, आगीत बॅटरीचा स्फोट होतो. आम्हाला ते स्मशानातल्या माणसाने विचारलं, "छातीत काही हाय का?"

ताई, घाबरवायला लिहिलं नाही. भावाला सहा वर्षं मिळाली, नातीचं लग्न बघितलं. परत वेळ आली तर मी बसवाच म्हणेन. पण बंद कधी करायचं, ते बसवायच्या आधी बोलून घ्या.

खारी_बिस्किट, ५ जून, रात्री ९.३०

...

काही लिहिता येत नाहीये काका.

भूलवाला, ५ जून, रात्री १०.०५

पोस्टमनकाका, तुमच्या पुतण्याने आणीबाणीत जे केलं ते अगदी बरोबर होतं. मॅग्नेट वर आहे तोवर शॉक बंद राहतात, उचललं की परत चालू. रीतसर बंद करायला प्रोग्रामर (बाहेरून सेटिंग बदलायचं यंत्र) लागतो, दोन मिनिटांचं काम. फक्त शॉक बंद होतात, माणूस त्याने जात नाही, आणि ती इच्छामरणाची भानगडही नाही. आम्ही डॉक्टर हे बोलत नाही, कारण बसवताना मरणाचं बोलणं अपशकुनी वाटतं आणि नंतर राहून जातं. मीही बोललेलो नाही कधी. उद्यापासून बोलेन.

टेम्स_किनारी, ६ जून, पहाटे ३.१५

इथे इंग्लंडमध्ये माझ्या सासऱ्यांना बसवलं, तेव्हा ही चर्चा नर्सनेच काढली, छापील पुस्तिका हातात ठेवून. सासरे सांगलीचे, त्यांना वाटलं बाई आपल्याला मारायला निघाली! पण चांगलं झालं.

गाडीचं: अजून शॉकची वेळ आलेली नसताना, खबरदारी म्हणून बसवलं तर इथे एक महिना गाडी बंद. शॉक बसला तर निदान सहा महिने. ट्रक-बसचं लायसन्स कायमचं जातं. आपल्याकडे विचारतंय कोण, पण अण्णांची स्प्लेंडर आहे म्हणून लिहिलं.

सांजवात, ६ जून, दुपारी ४.४०

दुसरी बाजू कोणी लिहिली नाही म्हणून.

माझी आई ७९ ची होती, ईएफ २५. तिने नको म्हटलं. भाऊ हवं म्हणत होता, मी आईच्या बाजूने उभी राहिले. चौदा महिने चांगले गेले. कुरडया केल्या, कोल्हापूरला अंबाबाईला जाऊन आली. एके संध्याकाळी कापसाच्या वाती वळता वळता कलंडली. हाताला कापूस तसाच होता.

तिच्या बाबतीत मला पश्चात्ताप नाही. ती जे म्हणाली ते झालं. पण भाऊ माझ्याशी बोलत नाही, तीन वर्षं होतील. त्याच्या लेखी मी आईला मारलं. निर्णय आई आणि मी स्वयंपाकघरात घेतला, त्याला दुसऱ्या दिवशी कळवला, ही माझी चूक. तुमच्या ह्यूस्टनच्या भावाला अण्णांच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्या नको.

निवडुंग, ६ जून, संध्याकाळी ७.२०

विचारून आलो. ते गृहस्थ सगळी औषधं घेत होते. काढा जोडीला. शब्द मागे घेतो.

भूलवाला, ६ जून, संध्याकाळी ७.४५

दिलदार आहात. बसा.

कृष्णाकाठची, ९ जून, रात्री ११.३०

शनिवार-रविवार कराडला जाऊन आले. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून नेले होते. पोस्टमनकाकांचा द्यावा की नाही, गाडीत शिरवळपर्यंत ठरत नव्हतं. दिला.

अण्णांनी तो दुकानात बसून वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले, "स्पीकरचं मॅग्नेट. पोरगं हुशार."

मग सोमवारी त्यांना घेऊन परत डॉक्टरांकडे. यावेळी आधी फोन करून शेवटची वेळ मागून घेतली आणि भावाला व्हिडिओवर धरलं. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक जुना काढलेला आयसीडी अण्णांच्या हातात दिला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत. अण्णांनी तो तळहातावर झेलून वजन घेतलं, मोटरचं बेअरिंग घेतात तसं. पहिला प्रश्न, "सेल किती व्होल्टचा?" डॉक्टर म्हणाले, तीनेक. "आन् शॉक?" सातशे-आठशे. अण्णांचे डोळे मोठे झाले. "तीनावरून आठशे? चार्ज व्हायला वेळ किती?" आठ-दहा सेकंद. "ज्यूल?" पस्तीस.

अण्णांनी खिशातून बिलबुक काढलं आणि मागच्या पानावर गणित मांडलं. डॉक्टर, मी आणि ह्यूस्टन, तिघं बघत राहिलो. "शंभर ते सव्वाशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर," अण्णा म्हणाले. "अहो, आपल्या एक एचपीच्या पंपाला स्टार्टिंगला एवढाच तर लागतो!" डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले की वीस वर्षं मी हे बसवतोय, मला कोणी हे विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्हाला सात मिनिटं नाही, पाऊण तास मिळाला.

दुकानाचं सगळं निघालं. आर्मेचर तपासायचा ग्राउलर मांडीवर घेऊन बसायचं बंद. शेजारच्या वेल्डिंगपासून लांब. पॅनल चालू असताना एकट्याने हात घालायचा नाही. वायर गुंडाळायला काही हरकत नाही. छोट्या गोळीचा डोस मध्यंतरी वाढवून बघितला होता, बीपी ९० पर्यंत उतरलं, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

परत येताना उंब्रजला चहाला थांबलो. मी मुद्दाम काही विचारलं नाही. अण्णा स्वतःच म्हणाले, "झोपेत गेलो तर सोनं. पण मी झोपतो सहा तास. बाकीचा वेळ दुकानात असतो. चालू पॅनलवर हात असताना पडलो, तर ते एकोणीस वर्षांचं पोरगं मला धरायला धावणार. त्याला किती वेळा सांगितलंय, आधी मेन बंद कर. तरी धावणार ते. मी जाईन ते जाईन, त्याच्या आईला काय सांगायचं?"

इतके दिवस मी त्यांच्या मरणाबद्दल माझ्या बाजूने विचार करत होते, भाऊ त्याच्या बाजूने. अण्णा तिसरीकडेच होते. दुकानातल्या पोराच्या बाजूने.

तर बसवायचं ठरलं. मेडिक्लेमचं वर्ष २२ ला पालटतं, डॉक्टर म्हणाले तेवढं थांबायला हरकत नाही, तारीख २६ ची घेतली. अण्णांनी बिलबुकाच्या त्याच पानाखाली लिहून भावाला फोटो पाठवायला लावला: अंथरुणाला खिळलो आणि डॉक्टर म्हणाले आता सुधारणा नाही, तर शॉक बंद करायचे. बॅटरी संपली की परत मला विचारायचं, आणि तेव्हा नको म्हणालो तर कोणी भांडायचं नाही. खाली सही, दुकानाचा शिक्का. भावाने उलट फोन करून बराच वाद घातला. मग रडला. मग हो म्हणाला. आई त्या वेळी पहिल्यांदा बोलली. "शिक्का कशाला मारला?"

सांजवात, तुमच्या प्रतिसादाबद्दल काय लिहू. व्यनि (खाजगी निरोप) करते.

आता एकच अडचण. अण्णा डावखुरे आहेत. मशीन डावीकडे बसणार, आणि चार-सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणाले. उजवीकडे बसवून मिळेल का विचारलं, तर शॉकची दिशा डावीकडूनच नीट जाते म्हणून शक्यतो डावीकडेच. कोणी डावखुरं आहे का इथे? दिवस कसे काढले?

पावणेसात, १० जून, सकाळी ६.४५

मी डावखुरा.

खांद्याखाली हात चालतो, चालवायचाच. अजिबात हलवला नाही तर खांदा धरतो, तो वेगळाच ताप. कामाची बैठक खाली आणा, हात पोटाच्या रेषेत राहील इतकी. वरच्या फळीवरचं सगळं सामान आधीच खाली काढून ठेवा, नाहीतर सवयीने हात जातोच. माझा तिसऱ्या दिवशी चहाच्या डब्याला गेला होता.

आणि बनियन डोक्यातून घालता येत नाही. पुढून गुंड्यांच्या दोन बंड्या शिवून घ्या. डाव्या बाजूला खिसा नको.

कृष्णाकाठची, १० जून, सकाळी ९.१०

आईने तीन टाकल्या शिवायला. अण्णांचं म्हणणं, उजवीकडे टेस्टरचा खिसा हवा.

भूलवाला, १० जून, सकाळी ९.४०

टेस्टर चालेल.